शांता हसत रथात बसली

पुराण संपलं, आरतीचं तबक बायकांमधून फिरून आलं, आणि यमुना पाटावरून उठून पायरी उतरणार तोच कुणीतरी तिचे पाय धरले. नुसते शिवले नाहीत, धरले. दोन्ही घोट्यांना खरखरीत तळव्यांचा विळखा बसला आणि तिला क्षणभर वाटलं, आपण आता पडणार. खाली पाहिलं तर आवडाबाई. वयानं तिच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. गेल्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या तेव्हा नवरा, पोरगी आणि बैलजोडी घेऊन शहरात आलेली, देवळामागच्या बोळात एका खोलीत राहणारी. रोज खडी फोडून ट्रकमधून परत आली की अंगावरची धूळ न झटकताच पुराणाला येऊन बसायची, खांबाला टेकून.

"अहो, हे काय करता? तुम्ही मोठ्या."

"वयानं मोठी. ग्यानानं तुमी." आवडाबाई उठली, पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून तिनं यमुनेच्या हातावर ठेवला. "पोरीचं जमलं, यमुनाबाई. तुमच्या शांतेनं जमवलं बगा."

"कुणाशी?"

"वाळूजचे तात्यासाहेब. त्यांच्या हिरीला अजून बी पानी हाय. आमची बैलं महिना झाला त्यांच्याच दावनीला हायेत. पहिली बाई वारली त्यांची. सुरेखा लई रडली, दोन दिस जेवली नाय. मंग म्या तिला म्हनलं, ऐकलीस ना कथा? राजाची लेक असून हसत रथात बसली आन् मुलखाला पानी आलं. आन् तू कोन लागून गेलीस? तवापासून गप हाय. परवा टिळा लावायला यनार हायेत, इथंच, देवळात. तुमी त्या दिशी शांतेचीच कथा सांगा. तात्यासाहेब सोता ऐकनार हायेत."

एवढं बोलून ती गेलीसुद्धा. बाकीच्या बायका चपला हुडकत होत्या, कुणाचं पोर रडत होतं, पुजारी समया शांत करत होता. यमुना तिथंच उभी राहिली. गूळ हाताच्या घामानं चिकट होत गेला. छातीतून काहीतरी सुटून खाली खाली चाललं होतं. आडात दोर तुटलेला पोहरा जातो आणि पाण्याचा आवाज येतच नाही, तसं.

ती गुलमंडीतून घराकडे निघाली. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षीही पावसानं तोंड दाखवण्यापुरतीच हजेरी लावली होती. हर्सूलच्या तलावाचा तळ भेगाळून पडला होता. शहर मात्र फुगत होतं. रोज कुठून कुठून गाड्या यायच्या, भांडी, गोधड्या, म्हातारी माणसं उतरवून जायच्या. जालन्याच्या रस्त्याला नव्या वसाहतीची आखणी चालली होती, मोकळ्या माळावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आणि ज्यांना त्या घरांमध्ये कधीच राहायचं नव्हतं ती माणसं त्या घरांच्या रस्त्यांसाठी दगड फोडत होती. हे सगळं यमुना रोज पाहायची. आज मात्र तिला रस्त्यातल्या प्रत्येक बाईचं तोंड ओळखीचं वाटायला लागलं. ही माझ्या पुराणाला येते का? हिनं काय ऐकलं? ऐकून घरी जाऊन काय केलं? आजवर तिला वाटायचं, गोष्ट सांगितली की ती हवेत विरते, समई शांत केल्यावरच्या धुरासारखी. ती कुणाच्या घरात शिरते, उंबरा ओलांडून चुलीपर्यंत जाते आणि तिथं बसलेल्या पोरीचा हात धरते, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सांगायला तिनं सुरुवात केली ती नाइलाजानं. देवळातलं पुराण तिच्या चुलतसासऱ्यांकडे होतं. त्यांची नजर गेली तेव्हा, "यमुने, माझे डोळे बरे होईपर्यंत तू वाच," असं ते म्हणाले. डोळे बरे झाले नाहीत आणि यमुना वाचत राहिली. पहिली दोन वर्षं पोथीत होतं तसं. बायका पेंगायच्या. मग एके दिवशी अहल्येपाशी ती थांबली, पोथी मिटली आणि म्हणाली, "शिळा झाली म्हणतात. पण आधी तिचे हात गार पडले असतील. आपले पडतात तसे, कुणी ओरडलं की." समोरची पेंगणारी बाई खडबडून जागी झाली. तेव्हापासून यमुना पोथीच्या बाजूबाजूनं चालायला लागली. रेणुका पहाटे नदीवर जाताना काय विचार करत असेल, मंदोदरीला रात्रीचा दिवा कुणी लावून ठेवत असेल, असलं ती बोलायची. दुष्काळ आला तशा बायका वाढल्या. शहरातल्या बायकांमागं गावाकडच्या येऊन बसायला लागल्या, ओठांना चिरा पडलेल्या, नखांत खडीचा भुगा असलेल्या. त्यांच्यासाठी म्हणून तिनं शांता काढली.

गोष्ट साधी. अंगदेशात पाऊस पडेना. कुणी सांगितलं, रानात ऋष्यशृंग नावाचा मुनी आहे, त्यानं बाई म्हणून कधी पाहिलेली नाही, त्याचं पाऊल इथं पडलं तर पाऊस पडेल. राजा रोमपादानं त्याला भुलवून आणवलं आणि आपली लेक शांता त्याला दिली. पण सांगताना यमुनेनं एक गोष्ट केली होती. ती तिला आत्ता, घराचं कुलूप काढताना, लख्ख आठवली आणि किल्ली कुलपातच राहिली. पोथीत पाऊस आधी पडतो. मुनीचं पाऊल शहराच्या वेशीत पडतं, पाऊस येतो, आणि मग शांतेला देतात. हे तिला तोंडपाठ होतं, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेलं. पण त्या दुपारी समोरची ती तोंडं पाहिल्यावर तिला वाटलं, पाऊस आधी पाडला तर गोष्ट तिथंच संपली, मग त्या पोरीसाठी कोण थांबणार? म्हणून तिनं पोर आधी दिली. रथ वेशीतून निघाला आणि मागं पहिला थेंब पडला, असं सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि त्या थेंबाच्या आधी तिनं आपल्या पदरचं एक वाक्य घातलं होतं: शांता हसत रथात बसली.

ते हसू कुठून आलं होतं हे तिला ठाऊक होतं. शांता काही रोमपादाची पोटची नव्हे, ती आधीच एकदा दिलेली पोर, दशरथानं मित्राला दिलेली. आणि यमुनाही दिलेली. पैठणजवळच्या गावातून सात वर्षांची असताना तिला मूल नसलेल्या मावशीला दिलं, इथल्या लष्करी छावणीत. गाडीत बसवताना वडील म्हणाले होते, "हसत जा हं, मावशीला बरं वाटेल." ती हसत गेली. सगळ्या वाटेनं हसत गेली. छावणीच्या फाटकाशी बंदुका घेऊन उभे असलेले शिपाई दिसले तेव्हा भीतीनं तिला गाडीतच लघवी झाली, तरी तिनं हसू ढळू दिलं नाही; जबडे दुखत होते. मावशीला वाटलं तांब्या कलंडला. "किती गुणाची पोर," मावशी म्हणाली. मावशीनं तिला काही कमी केलं नाही, माया केली, शिकवलं, चांगल्या घरी दिलं. यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ती आजवर कुणाला सांगता आलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती तेव्हा दारात सावली पडली. सुरेखा. पंधरावं सरत आलेलं, हातापायांच्या काड्या, वेणीला जुन्या पोलक्याची चिंधी. ती आत आली नाही, उंबऱ्यावरच टेकली.

"काकू, एक इचारू?"

"विचार ना."

"शांता खरंच हसली?"

सुपातला यमुनेचा हात थांबला. "पोथीत तिचं हसणंही नाही बाळ, रडणंही नाही. नुसतं दिली म्हटलंय."

"मंग तुमी कुठून आनलं?"

बाहेर कुणीतरी रिकाम्या पिंपावर पिंप आदळलं. मिलोतला एक खडा यमुना उगीच बोटांनी फिरवत राहिली.

"भ्याली नसंल का ती?" सुरेखा म्हणाली. "मला लई भ्या वाटतं, काकू. ते मोठ्यानं बोलतच नायत. मोठ्यानं बोलनाऱ्या मानसाचं कळतं, आता हा मारनार का नाय ते. हे हळूच बोलतेत. आमच्या घरी आले तवा माज्याकडं बगितलं नाय, मायला म्हनले, हाडं बारीक हायेत, पन भरंल. त्यांची आदली बाई कशानं गेली कुनी सांगत नाय. मायला इचारलं तर म्हनती ताप. बाबाला इचारलं तर उठून भाईर जातो." मग तिनं मान खाली घातली आणि बोटानं उंबऱ्यावरची धूळ रेघेनं बाजूला केली. "जीव द्यावा म्हनलं तरी कुटं द्यावा? गावच्या हिरीला पानी नाय. पानी हाय ते त्यांच्याच हिरीला."

आणि हे म्हणताना ती हसली. थट्टा केल्यासारखी, ऐकणाऱ्याला जड वाटू नये म्हणून. दात दिसले, गालांना खळ्या पडल्या, आणि जबड्याच्या कडेला एक शीर ताठ उभी राहिली. ते हसू यमुनेनं आरशातही पाहिलं नव्हतं, पण आतून ते तिच्या तोंडाला पाठ होतं.

"असं अभद्र बोलू नये," ती म्हणाली. कुणीही म्हणालं असतं तेच.

"व्हय," सुरेखा म्हणाली आणि उठून गेली. यमुना दारापर्यंत धावली, हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून सांगायचं काय? बोळ रिकामा होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिनं तीन वेळा काही ना काही निमित्त काढून मागच्या बोळात डोकावून पाहिलं. पोर दिसली की जीव भांड्यात पडायचा आणि घरी येऊन चुलीपुढं बसेपर्यंत पुन्हा बाहेर यायचा.

तिचे यजमान लक्ष्मणराव कचेरीतून आले. दुष्काळी कामांच्या खात्यात ते कारकून होते, दिवसभर रडणारी माणसं पाहून आल्यावर त्यांना घरात शांतता लागायची. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"हे बघ, आपण पुराण सांगायचं. लोकांची लग्नं मोडायची नाहीत. देवळाच्या हौदात पाणी येतं ते कुणाच्या गाडीतून? तात्यासाहेबांच्या. आख्खी गल्ली तिथून घागर भरते. उद्या त्यांनी गाडी बंद केली तर बायका तुझ्या दारात येतील, त्यांच्या नाही."

"पण मी खोटं सांगितलंय."

"पुराणात खरं-खोटं काय असतं?" ते म्हणाले, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून हळू आवाजात, "तू थरथरतेयस. ताप आहे का?"

ताप नव्हता. पण देवळात जायच्या दिवशी तिला पातळाच्या निऱ्या धड घालता येईनात. देऊळ गच्च भरलं होतं. खांबापाशी सुरेखाला नव्या हिरव्या लुगड्यात बसवलं होतं, लुगडं तिला मोठं होत होतं. समोर टिळ्याचं तबक, नारळ, खण. एका बाजूला तिचा बाप पुंडलिक, टोपी गुडघ्यावर ठेवून, आपण इथं नसल्यासारखा. आणि पुरुषांच्या बाजूला पुढं तात्यासाहेब. यमुनेला वाटलं होतं दांडगा, मिशाळ कुणी असेल. ते तर सडपातळ, स्वच्छ धोतरातले, चष्मा लावलेले गृहस्थ निघाले. तिला पाहताच त्यांनी उठून हात जोडले. "बाई, तुमचं नाव लई ऐकलं," ते इतक्या हळू म्हणाले की ऐकायला तिला पुढं वाकावं लागलं. वाकल्यावर तिच्या ध्यानात आलं की हा माणूस सगळ्यांना असंच वाकवत असणार.

तिनं सुरुवात केली. अंगदेश, भेगा पडलेली जमीन, हंबरणारी जनावरं. हे सांगणं सोपं होतं, ऐकणाऱ्यांना ते घरच्यापेक्षा वेगळं नव्हतं. मुनीला आणायला गेलेल्या गणिका, त्यांची नाव, बाई कधी न पाहिलेल्या त्या पोरसवद्या मुनीचं भांबावणं. बायका हसल्या. आवडाबाई मान डोलवत होती. मुनी वेशीपाशी आला. आता रथ. आता शांता. यमुनेनं समोर पाहिलं आणि तिला काहीच दिसेना, नुसती हिरवी, पांढरी धूसर तोंडं. तिला वाटलं, उठावं आणि मागच्या दारानं पळून जावं. त्याऐवजी तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले. आवाज तिचा नव्हता, पातळ, चिरका.

"मागच्या खेपेला मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पाऊस आधी पडला होता, बायांनो."

देवळात कुणीतरी खोकलं.

"मुनीचं पाऊल वेशीत पडलं आणि पाऊस आला. ओढे भरले, विहिरी भरल्या. शांता तेव्हा आपल्या खोलीत होती. तिला काही कुणी पावसासाठी दिली नाही. पाऊस तर पडून गेलेला. मग राजाला आठवलं, की या मुनीला आपण फसवून आणलंय. याचा बाप रानातून येईल, शाप देईल. राजा भ्याला. भ्याल्यावर माणूस घरात इकडंतिकडं बघतो, काय देता येईल म्हणून. त्याला पोर दिसली. ती आधीच एकदा दिलेली होती, तेव्हा देणं सोपं होतं. शांता हसली असं मी म्हणाले. ते माझ्या पदरचं होतं. ती हसली की नाही हे पोथीला माहीत नाही. पण मला वाटतं ती भ्याली. तिच्या हातापायांना मुंग्या आल्या असतील. रथाच्या दांडीला तिनं इतकं घट्ट धरलं असेल की उतरताना बोटं सोडवावी लागली असतील. आणि आपल्याला कुणी विचारलं का नाही, एवढंच तिला..."

मग तात्यासाहेब बोलले. आवाज तसाच, हळू.

"म्हणजे पोर उगीच दिली म्हणता?"

"उगीच नाही," यमुना म्हणाली. "राजा भ्याला होता म्हणून दिली."

त्यांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी सुरेखाकडे नीट पाहिलं. सुरेखानं दोन्ही हातांनी खांब धरला होता आणि बोटं पांढरी पडली होती. सगळं देऊळ तिच्या बोटांकडे पाहत होतं. तात्यासाहेब उठले, देवाला हात जोडले आणि निघून गेले. टिळ्याचं तबक तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणराव कचेरीला जायच्या तयारीत असताना दाराची कडी वाजली. आवडाबाई होती. तिनं सुरेखाला दंडाला धरून पुढं ढकललं आणि एक गाठोडं उंबऱ्याच्या आत टाकलं.

"निरोप आला त्यांचा. भ्यालेली पोर घरात आनून लोकांची बोलनी कोन खाईल, म्हनले. बैलं सोडून न्या, म्हनले. हौदाची गाडी बी बंद. झालं मनासारखं? आता हिला तुमीच सांभाळा. तुमाला रेशन हाय, नळ हाय, नोकरी हाय. पोर तेवढी नाय. घ्या."

ती वळली आणि ताडताड निघून गेली. यमुनेच्या मनात पहिल्यांदा आला तो आनंद. लाज वाटावी असा, पोटातून उसळलेला. मधल्या खोलीत हिची गादी घालता येईल. जूनमध्ये शाळेत नाव घालू. हिला सगळं वाचायला शिकवीन. एका क्षणात तिनं त्या पोरीची दहा वर्षं मांडून टाकली, आणि मग तिचं लक्ष सुरेखाच्या तोंडाकडे गेलं. सुरेखा हसत होती. दात, खळ्या आणि जबड्याशी ती शीर.

यमुना पुढं वाकली, पोरीच्या तोंडाच्या पातळीला तोंड येईल अशी. छातीत पुन्हा तो पोहरा सुटला होता. हिला पुन्हा एकदा दिली, आणि घेणारी मी आहे. मावशीलाही असाच आनंद झाला असेल.

"तुला इथं राहायचंय?"

सुरेखा तिच्या तोंडाकडे बघत राहिली, कुठलं उत्तर बरोबर ते शोधत.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मी रागावणार नाही."

मग पोरीचे ओठ वाकडे झाले आणि हसू कुठल्या कुठं गेलं. "मायकडं," ती म्हणाली. "मला मायकडं जायाचंय." आणि भोकाड पसरून रडायला लागली, लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत.

लक्ष्मणराव दारात छत्री घेऊन उभे होते. त्यांनी आत जाऊन पिशवीत मिलो भरली, गाठोड्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "मी पोचवून येऊ का?"

"नको. मलाच जायला हवं."

मागच्या बोळापर्यंतचं अंतर ते काय, पण यमुनेला ते संपेना. दारादारांतून बायका पाहत होत्या. कोरड्या हौदावर कुणीतरी रिकामी घागर मुद्दाम आपटली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आल्या पुरानवाल्या. आता प्या म्हनावं पुरान." यमुनेचे कान तापले, सुरेखाचा हात आपण धरलाय की तिनं आपला, हे तिला कळत नव्हतं.

आवडाबाई थंड चुलीपुढं बसली होती. "आनली परत?"

"तिनंच सांगितलं."

"तिला काय कळतंय!"

"तिला तुम्ही हव्या आहात, एवढं कळतं."

आवडाबाई एकदम उसळून म्हणाली, "आन् उद्या? परवा दुसरा कुनी आला, त्याच्या हिरीला पानी असलं, मंग?"

"मग हिला विचारा."

"ती नाय म्हनली, आन् घरात थेंब नसला, मंग काय करू? सांगा की. तुमच्या पोथीत काय लिवलंय?"

"मला माहीत नाही," यमुना म्हणाली. खरोखरच माहीत नव्हतं. हे बोलताना तिला वाटलं, आता ही उठून आपल्याला मारील.

आवडाबाईनं तोंडावरून हात फिरवला. "मला भ्या वाटत नसंल व्हय, यमुनाबाई? रात-रात जागी असते मी. त्या मानसाचं तोंड मला बी बगवत नव्हतं." तिनं पहिल्यांदा लेकीकडे पाहिलं. "नाक पूस आदी."

बोळाच्या तोंडाशी कामावर नेणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजला. आवडाबाई उठली, खडीची पाटी घेतली. सुरेखानं कोपऱ्यातली दुसरी पाटी उचलली. आईनं ती हिसकावली, पोरीनं पुन्हा ओढून घेतली, आणि त्या दोघी तशाच पाट्या ओढत निघून गेल्या. घर उघडं टाकून. यमुनेला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

ती बसली. त्या दुपारी देवळात पुराण झालं नाही. पंचांनी ते काही दिवस बंद ठेवायचं ठरवलं, असं नंतर कळलं. तिनं मिलो जात्यावर भरडली, घरून एक कळशी आणली, चूल पेटवली. ऊन कलायला लागलं तशी तिची भीती पुन्हा डोकं वर काढू लागली. ट्रक यायला उशीर का होतोय? पोरीला ऊन लागलं असेल का? वाटेत वाळूजची गाडी आडवी आली असेल का? भाकरी थापताना तिचे हात थांबत, ती कान देई, पुन्हा थापू लागे.

मग ट्रक आला. खाली उड्या टाकणाऱ्या बायकांचा कालवा झाला आणि त्यात एक आवाज वेगळा निघाला. सुरेखा आईशी भांडत होती, आख्ख्या बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. कामावर मिळणाऱ्या सुकडीतला आपला वाटा आईनं बाबाला का दिला म्हणून. आवडाबाई तितक्याच मोठ्यानं तिला उत्तर देत होती. यमुनेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि भाकरी उलटली.